एमएमआरची लस : गालगुंडाचा तो राहिलेला 'एम' आणि आमच्या क्लिनिकचा अनुभव

स्टार आधीच सांगते, पाचपैकी चार. एक कापला तो वेटिंगसाठी, त्याचं रडगाणं शेवटी गाते.

झालं असं की माझ्या पुतण्याला, दुसरीत आहे, शाळेतून गालगुंड आलं. आधी एका बाजूला कानाखाली सूज, मग दुसऱ्या बाजूला, पोरगं गिळतानासुद्धा रडत होतं, लिंबू सरबत दिलं तर किंचाळलाच (आंबट खाल्लं की लाळ सुटते आणि सुजलेली ग्रंथी ठणकते हे नंतर कळलं). सासूबाईंनी लगेच गेरूचा लेप काढला. आणि जाऊबाई एकच वाक्य धरून बसल्या, "अगं पण सगळ्या लसी वेळेवर घेतल्यात ना, कार्डावर एकही घर रिकामं नाहीये!" खरंच नव्हतं. पण कार्डावर होतं ते एमआर. गोवर आणि रुबेला. गालगुंडाचा एम त्यात नाहीचे.

हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, मला तर अजिबातच नाही, आणि माझी मुलगी तेव्हा १५ महिन्यांची, त्याच घरात, त्याच दादाच्या मांडीवर बसून त्याच्याच ताटातला भात खाणारी. ९ महिन्यांचा एमआर तिचाही सरकारी केंद्रावरच झालेला. तिथली सिस्टर फार नीट होती बरं का, बाटली फोडल्याची वेळ तिच्यावर लिहिणार, लेबलवरचा तो चौकोन दाखवून सांगणार की हा बाहेरच्या गोलापेक्षा फिका आहे म्हणजे लस चांगली आहे, वर अ जीवनसत्त्वाचं औषध चमच्याने पाजलं, आणि खर्च शून्य. त्यामुळे कोणी याचा अर्थ सरकारी लस नको असा काढू नका. तिथे गालगुंडाची मिळत नाही एवढंच. हा आजार बहुतेक मुलांना आपोआप बरा होतो म्हणून राष्ट्रीय यादीत तो मागेच राहिलाय. बालरोगतज्ज्ञांची संघटना, आयएपी, मात्र ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं असे एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) तीन डोस सांगते.

तर घाबरून मी आधी एका मोठ्या हॉस्पिटलात फोन केला. त्यांनी पॅकेज सांगितलं. मी विचारते गालगुंडाचं, ते सांगतायत पॅकेज. फोन ठेवला आणि आमच्याच भागातल्या लहान मुलांच्या छोट्या क्लिनिकात गेले, हा रिव्ह्यू त्यांचा.

डॉक्टरबाईंनी आधी कार्ड बघितलं, अख्खं, मागचं पानसुद्धा. मग मला जे ऐकायचं नव्हतं तेच सांगितलं, की दादाकडून व्हायरस आधीच हिच्यात गेला असेल तर आज टोचलेली लस त्याला अडवेलच असं नाही, कारण सूज दिसायच्या दोनेक दिवस आधीपासूनच तो पसरत असतो आणि ज्याला लागण होते त्याला लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे जातात. तरी द्यायची, कारण पुढच्या वेळेसाठी लागणारच आहे. मला हे फार आवडलं. "काही होणार नाही हो" म्हणून त्या सहज पैसे घेऊ शकल्या असत्या.

मी विचारलं १०० टक्के खात्री का. नाही म्हणाल्या. एका डोसने १०० पैकी साधारण पाऊणशे मुलं वाचतात, दोन झाले की ८५ च्या वर, आणि लस घेऊनही झालंच तर सहसा हलकं होतं. मग लस कशासाठी, तर मेंदूच्या आवरणाला सूज, कधीकधी कायमचं बहिरेपण, आणि वयात आलेल्या मुलग्यांना अंडकोशाला सूज, यासाठी. हे शेवटचं ऐकून नवरा खुर्चीत सरळ बसला, कारण आमच्या धाकट्या दिरांना कॉलेजात असताना नेमकं तेच झालेलं आणि ते पंधरा दिवस घरात कोणी त्या विषयावर बोलत नव्हतं, फक्त आत्या फळं आणून देत होत्या.

मग ब्रँडचा प्रश्न. फ्रिजमध्ये दोन होते, एक बाहेरच्या कंपनीचा, एक आपल्या पुण्याच्या सीरमचा ट्रेसिव्हॅक. दुसरा बराच स्वस्त. मी साहजिकच विचारलं, महागातली जास्त चांगली का? त्या म्हणाल्या की गालगुंडाच्या व्हायरसचा वाण वेगळा आहे, सीरमच्या लशीत एल-झाग्रेब आणि त्या दुसऱ्यात जेरिल लिनपासून काढलेला, पण दोन्ही चालतात, तुम्ही ठरवा. हे जेरिल लिन म्हणजे एका मुलीचं नाव आहे! १९६३ मध्ये अमेरिकेत मॉरिस हिलमन नावाच्या शास्त्रज्ञाच्या मुलीला गालगुंड झालं, त्याने तिच्या घशातून नमुना घेतला आणि त्यातूनच लस बनवली. आपल्याकडे बापाने गेरू लावला असता. आम्ही सीरमचीच घेतली, डॉक्टरांनी खोका दाखवला, एक्सपायरी मला वाचायला लावली, पावडरमध्ये पाणी समोर मिसळलं आणि दंडाला टोचली.

घरी एका काकांनी एमएमआरने ऑटिझम होतो असा फॉरवर्ड पाठवलाच. ज्यावरून हे पसरलं तो १९९८ चा पेपर, १२ मुलांवरचा, तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचं लायसन गेलं, एवढं टाइप करून मी ग्रुप म्यूट केला.

त्या रात्री काही नाही, जरा किरकिर. ताप आला तो नवव्या दिवशी, आणि मी ठरवूनच टाकलं की झालं, दादाचंच आलं. पण निघताना सिस्टरने सांगून ठेवलेलं की या लशीचा ताप ७ ते १२ दिवसांनी येतो, त्याच दिवशी नाही. फोन केला तर उचललासुद्धा, वजन विचारून पॅरासिटामॉलचा डोस सांगितला. दीड दिवसात उतरला. गालगुंड आलं नाही, लशीमुळे की नशिबाने कोणास ठाऊक.

आणखी एक कामाचं सांगितलं त्यांनी. ही एमएमआर सरकारी कार्डावर पण लिहून घ्या, म्हणजे १६ ते २४ महिन्यांच्या एमआरला गेलात की सिस्टरला कळेल गोवर-रुबेला झालंय. मी लिहून घेतलं.

आता तो कापलेला स्टार. अपॉइंटमेंट सहाची, नंबर सव्वासातला. आणि तेवढा वेळ आजारी, खोकणारी पोरं आणि लशीला आलेली धडधाकट पोरं एकाच बाकावर, एकच प्लॅस्टिकचा हत्ती सगळे आळीपाळीने चाटतायत. गालगुंड लाळेतून पसरतं हे आतल्या खोलीत समजावून सांगतात आणि बाहेर तो हत्ती! मी बोलले तसं रिसेप्शनवरच्या ताईंना. परवा जाऊबाई पुतण्याला घेऊन दुसऱ्या कशासाठी तरी गेल्या होत्या, म्हणाल्या हत्ती अजून तिथेच आहे.