बांधलेली वैनगंगा आणि मोकळी इंद्रावती : ग्रामसभेत हात वर करण्याआधी

तुमचं गाव गडचिरोलीत इंद्रावती, पर्लकोटा किंवा पामुलगौतम नदीच्या काठी असेल आणि उद्या धरणाला संमती मागितली गेली, तर हो म्हणण्याआधी एकदा भंडारा जिल्ह्यातल्या पवनीकडे येऊन जा. आमचं गाव वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बुडितात गेलं. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

धरणाच्या बाजूने बोलायचं तर ओलित हा मोठा मुद्दा आहे. गोसीखुर्दचं उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरचं, आणि जिथं कालवा पोचला तिथं धान पावसाच्या भरवशावर राहिला नाही. ते शेतकरी सुखी झाले, याचा मला आनंदच आहे. पण भूमिपूजन १९८८ सालचं, अंदाज ३७२ कोटींचा. खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला तरी कालव्यांची कामं सुरूच होती. गाव मात्र आधी उठवावं लागतं.

आता नदी काय देत होती ते पाहा. पाणी उतरलं की धीवर लोक वाळूत डांगरवाड्या, म्हणजे वेलफळांचे मळे, लावायचे. चर खणायचा, त्यात शेणखत टाकायचं, वेल वाळूवर पसरायचा. उन्हाळ्यात डांगरं बैलगाडीने बाजारात. ही सगळी वाळू पाण्याखाली गेली. मोबदला सातबारा पाहून मिळतो, आणि वाळूचा सातबारा कुणाच्याच नावावर नव्हता. झिंग्यांचंही तसंच. गोदावरी खोऱ्यातल्या मोठ्या झिंग्यांची पिल्लं खाडीच्या खारट पाण्यात वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध वर चढतात. वाटेत भिंत आली की चढण थांबते.

साचलेल्या पाण्याचा त्रास वेगळाच. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेत येतं. आता ते आमच्या दारात येऊन थांबतं. मे महिन्यात पाणी हिरवं, काठावर जलपर्णी, पाण्यात उतरलं की अंगाला खाज. लहानपणी याच नदीचं पाणी आम्ही ओंजळीने प्यायलो आहोत.

मोकळ्या नदीचाही त्रास आहेच. पर्लकोटाच्या पुलावर पाणी चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो, आजारी माणसाचे हाल होतात. त्याला उंच पूल हवा. धरणाने पूर आटोक्यात येईल असं कुणी सांगितलं तर सिरोंच्याच्या शेतकऱ्यांना विचारा. गोदावरीवरचा, २०१९ ला सुरू झालेला मेडीगड्डा बंधारा तेलंगणाचा, त्याचं फुगलेलं पाणी मात्र यांच्या शेतात शिरलं. २०२३ मध्ये त्याचे खांबही खचले.

माझं मत स्पष्ट आहे. जिथं नदी आधीच अडवली आहे तिथं कालवे पूर्ण करून घेण्यासाठी भांडा. जिथं मोकळी आहे तिथं मोकळीच ठेवा. इचमपल्ली आणि भोपालपट्टणमची धरणं याच खोऱ्यात होणार होती. १९८४ मध्ये आदिवासी आणि बाबा आमटे त्याविरुद्ध उभे राहिले, म्हणून तुमचं जंगल बुडालं नाही, आज उभं आहे. ओलितासाठी मामा (माजी मालगुजारी) तलावांचा गाळ काढा, पाळ दुरुस्त करा, नदीकाठी सौरपंप मागा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा राहिला असेल तर तो सगळ्यात आधी.

तरीही प्रस्ताव आलाच, तर कागदावर समाधान मानू नका. बुडीत रेषा जमिनीवर दाखवायला लावा, प्रत्येक घराच्या भिंतीवर चुन्याने खूण करून घ्या. आमच्याकडे ती खूण कुणी केली नव्हती.