अभ्यासिकेचा रिव्ह्यू, कुठलीच परीक्षा न देणाऱ्या माणसाकडून

अभ्यासिकांबद्दल लिहिणारे बहुतेक एमपीएससीवाले नाहीतर नीटवाले असतात, मी त्यातला कुणी नाही. वय ४४, राहायला नाशिकच्या सिडकोत, अंबडला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत १४ वर्षं क्वालिटीला होतो आणि दिवाळीच्या आधी मला कमी केलं. गेले पाच महिने कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या या अभ्यासिकेत मी सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच बसतो, रविवार सोडून रोज, त्यामुळे इथली खुर्ची, एसी, पाणी, माणसं सगळं चांगलं माहीत झालंय.

आधी कामाचं सांगतो. दुसरा मजला, साठेक सीट, प्रत्येक टेबलाला तीन बाजूंनी फळी, डोक्यावर स्वतंत्र लाईट, चार्जिंगचा पॉइंट. नॉन एसी ९०० महिना, एसी १२००, लॉकरचे १०० वेगळे आणि किल्लीचं डिपॉझिट २००, जे सोडताना परत मिळतं, एका मुलाला माझ्यासमोर दिलं, काही कटकट नाही. वायफाय ठीक आहे, नोकरीच्या साइटवर फॉर्म भरायला आणि व्हिडिओ इंटरव्ह्यूला पुरतं, फक्त बोलायचं असेल तर जिन्यात जावं लागतं कारण आत कुजबुजलं तरी मुलं मान वर करून बघतात, आणि ते बरोबरच आहे, त्यांची वर्षं लागलीत त्यात. खुर्च्यांना पाठ नीट आहे. पाण्याचा कूलर स्वच्छ. पार्किंगची बोंब, सकाळी नऊनंतर गेलात तर गाडी लांब लावून चालत यायची तयारी ठेवा.

आता ॲडमिशनचं, कारण मी इथे का टिकलो ते त्यातच आहे. आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि एक फॉर्म. नाव, पत्ता, मोबाईल भराभर लिहिलं आणि पुढचा रकाना आला, 'कोणत्या परीक्षेची तयारी'. पेन तिथेच अडकलं. बाजूला विशीतला एक मुलगा फी भरायला उभा होता, त्याच्यासमोर काय सांगणार? काउंटरला मॅडम स्वतः बसतात, रिटायर्ड शिक्षिका आहेत. त्यांनी फॉर्म स्वतःकडे घेतला, त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "सर, खिडकीजवळची सीट देऊ का आतली? आतल्या सीटला दारातून कोण आलं गेलं ते दिसत नाही, आणि दारातल्यालाही आतलं दिसत नाही." बस, एवढंच. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी काहीही विचारलं नाही. नोकरी गेल्याला तेव्हा महिना उलटून गेला होता आणि त्या महिन्यात मला काहीच न विचारणारं हे पहिलं माणूस. मी आतली घेतली, ३१ नंबर.

नोकरी गेलेल्या माणसाला पैशाची चिंता असते हे सगळ्यांना कळतं, पण दिवसा कुठे असायचं हा केवढा मोठा प्रश्न होऊन बसतो ते ज्याची गेली त्यालाच कळतं. आपल्याकडे म्हणतात ना, 'तो सध्या घरी बसलाय'. चोरी करून पकडला गेल्यासारखं म्हणतात ते. मी पहिले चार दिवस खरंच घरी बसलो होतो, तर पहिल्याच दिवशी जिन्यात शेजारचे काका, "काय, आज सुट्टी का?" दुसऱ्या दिवशी परत, "अजून सुट्टीच?" तिसऱ्या दिवशी काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं, आणि ते जास्त लागलं. चौथ्या दिवशी दूधवाल्याने बायकोला विचारलं की साहेब आजारी आहेत का. पाचव्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, डबा घेतला आणि नेहमीच्या वेळेला बाहेर पडलो, फक्त त्रिमूर्ती चौक टाळून, कारण कंपनीची बस तिथे थांबते आणि त्यात माझी सगळी माणसं बसलेली असतात.

मग सुरू झाली भटकंती. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय म्हणजे १८४० सालचं, नाशिकचं वैभव आहे ते, मी लहानपणापासून जातो, पण तिथे ओळखीचे फार भेटतात, दुसऱ्याच आठवड्यात बायकोकडचे एक नातेवाईक भेटले आणि रात्रीपर्यंत अख्ख्या सासुरवाडीला बातमी. कॉलेज रोडच्या कॅफेत एका कॉफीवर तास काढायचा म्हणजे खिशाला परवडत नाही. गोदा पार्कला सकाळी ठीक वाटतं, अकराच्या पुढे तिथे नुसती कॉलेजची पोरं, त्यांच्यात आपण वेगळेच दिसतो.

एकदा रामकुंडावर जाऊन बसलो. मधल्या वारी, दुपारची बाराची वेळ, पायऱ्यांवर डबा मांडीवर घेऊन. शेजारी दहाव्याला आलेले लोक होते, दोन माणसांची डोकी नुकतीच केलेली. त्यातलं एक म्हातारं माणूस माझ्याजवळ येऊन बसलं, पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "तुमचं कोण गेलं बाबा?" मला उत्तरच देता येईना. नोकरी गेली असं तिथे, त्या माणसाला, ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, कुठल्या तोंडाने सांगायचं. पण त्याने जो हात ठेवला ना पाठीवर, तसा हात त्या महिन्यात दुसऱ्या कुणी ठेवला नव्हता. माणूस मेलं की लोक येतात, बसतात, पिठलं भाकरी आणतात. नोकरी गेली की लोक फोन करायचे बंद होतात, काहींना वाटतं हा पैसे मागेल, काहींना काय बोलावं सुचत नाही, आणि काहींच्या मनात सरळ असतं की याच्यातच काहीतरी कमी असणार, उगाच नाही काढत कुणाला. "कामावरून कमी केलं" हा शब्दच बघा ना, कमी. आमच्या लाइनला ऑर्डर घटली म्हणून एकाच आठवड्यात अकरा जणांना काढलं, त्यात मी एक, पण प्रत्येकाच्या घरी मात्र प्रश्न एकच, "तू नेमकं काय केलंस?"

त्याच संध्याकाळी घरी जाताना या अभ्यासिकेचा बोर्ड दिसला.

इथल्या मुलांबद्दल लिहायलाच पाहिजे. निम्मी मुलं बाहेरगावची, कळवण, सटाणा, सुरगाणा, येवला, कॉट बेसिसवर राहणारी. पहिला आठवडा मला 'सर' म्हणाली, नंतर 'काका'. एक २९ वर्षांचा मुलगा आहे, पाच वर्षं झाली कंबाइन, म्हणजे एमपीएससीची संयुक्त परीक्षा देतोय, एक दिवस चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "काका, 'अभ्यास चालू आहे' असं सांगितलं की पंचवीस वर्षांपर्यंत लोक पोरगा हुशार म्हणतात, पंचवीसच्या पुढे तेच वाक्य बोललं की हसतात. म्हणून मी दोन दिवाळ्या गावाला गेलो नाही." मी त्याला माझं सगळं सांगितलं. बायकोनंतर ते पहिल्यांदा कुणाला तरी मोकळेपणाने सांगितलं असेल. त्याने नुसती मान हलवली आणि माझ्या चहाचे पैसे दिले, मी नको म्हणत असताना.

आणि एक मुलगी आहे, एलएलबी झालेली, न्यायाधीश व्हायच्या परीक्षेची, जेएमएफसीची तयारी करते. तिच्याकडून जे कळलं ते मला दिवाळीआधी माहीत असायला हवं होतं, म्हणून इथे लिहितोच, रिव्ह्यूत बसत नसलं तरी. आम्हाला एकेकाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की काढलं असं कागदावर आलं तर पुढे कुणी उभं करणार नाही, त्यापेक्षा 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा' लिहून द्या, अनुभवाचं पत्र स्वच्छ मिळेल. दहा मिनिटांत सही केली मी. लोक काय म्हणतील याचीच भीती दाखवली आणि त्या भीतीनेच सही झाली. ती मुलगी म्हणाली, काका, कायद्याने जो 'कामगार' या व्याख्येत बसतो आणि ज्याचं वर्ष भरलंय, त्याला कपात म्हणून काढायचं तर महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार आणि झालेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई द्यावी लागते, पण स्वतःहून राजीनामा दिला की ती कपात धरतच नाहीत. मी सुपरवायझर, माझं काय झालं असतं ते वेगळं, पण माझ्याबरोबरच्या ऑपरेटर पोरांनीही तेच लिहून दिलंय. त्यांच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी कापली जायची, आणि ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणून एक आहे २०१८ पासून, नोकरी गेली तर सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. स्वेच्छानिवृत्तीला ती लागू नाही. मी त्या पोरांना एकेकाला फोन करून सांगितलं, ईएसआयसीच्या ऑफिसला जा, विचारा, राजीनामा कसा घेतला तेही सांगा. दोघांनी फोनच उचलला नाही. मला कळतं ते, मीही उचलत नव्हतो.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनाम्यालाही मिळते, पाच वर्षं झालेली असली की. शेवटच्या महिन्याचा बेसिक आणि डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. स्वतः हिशोब करून बघा आणि मगच आकड्यावर सही करा.

आता तक्रारी. १४ नंबरच्या सीटवर एसीचं पाणी ठिबकतं, दोनदा सांगून झालं, अजून तसंच आहे. टॉयलेट सकाळी स्वच्छ, चारनंतर नाही. दुपारी लाईट गेली की इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात, पंखे नाहीत, उन्हाळ्यात हाल होतात. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात गर्दी इतकी होते की मॅडम मधल्या मोकळ्या जागेत फोल्डिंग टेबलं लावतात, मग जायला यायला वाट राहत नाही, हे मला अजिबात आवडलेलं नाही आणि मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

आणि सगळ्यात मोठी तक्रार डब्याची. जेवायला जिन्याजवळ छोटी खोली आहे पण डबा गरम करायची सोय नाही. हे आईमुळे जास्त जाणवलं. आई निफाडला भावाकडे असते, तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं, बीपी आहे तिला. रोज दुपारी एकला तिचा फोन यायचा, "जेवलास का? कँटीनला काय होतं आज?" आणि मी जिन्यात उभा राहून डब्यातली भाजी बघून सांगायचो, मेथी होती, फ्लॉवर बटाटा होता. चार महिने हे चाललं. संक्रांतीला तिच्यासमोर बसलो तेव्हाही बोलता आलं नाही. फेब्रुवारीत एक दिवस तिने विचारलं आज काय होतं, आणि मी म्हणालो, आई, कँटीन नाहीये, नोकरी गेली माझी, दिवाळीच्या आधीच गेली, मी अभ्यासिकेत बसतो. थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता तिकडून. मग म्हणाली, "तिथे डबा गरम करायची सोय आहे का रे?" नाही म्हणालो. "मग भाजी सुकी देत जा म्हणावं सुनेला, पातळ गार झाली की पोटात दुखतं तुझ्या." एवढंच बोलली आणि दुसऱ्या दिवशी एकला परत फोन, नेहमीसारखा.

त्या दिवसापासून मी शेजारच्या काकांनाही सांगून टाकलं. ते गडबडले बिचारे, आणि दोन दिवसांनी त्यांच्या मेव्हण्याचा नंबर घेऊन आले, सिन्नरला माळेगावच्या एमआयडीसीत आहे. तिथे एक राऊंड झालाय, दुसऱ्याचं अजून काही कळलेलं नाही. आता मी त्रिमूर्ती चौकातूनच येतो, बस उभी असली तर हात करतो. काही जण करतात परत, काही जण मोबाईलमध्ये बघतात.

डबा गरम करायला एखादा मायक्रोवेव्ह ठेवा असं मॅडमना लेखी दिलंय, मुलांच्याही सह्या घेतल्यात, चाळीसच्या वर झाल्या. ठेवला तर इथे लिहीनच. तोपर्यंत पाचपैकी चार.

सातपूर, अंबडकडच्या कुणाला यायचं असेल तर सकाळी नऊच्या आत या, मॅडम काउंटरला असतात, फॉर्मवरच्या त्या रकान्याची काळजी करू नका. ३१ माझी आहे. ३२ सध्या रिकामी आहे, ती पण आतल्या बाजूलाच आहे.