नोझलवाल्याच्या हाती जुनी मर्सिडीज: सात वर्षांचा हिशेब

गाडी: मर्सिडीज-बेंझ ई २५० डी, १९९६ चं मॉडेल. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, पाच सिलिंडर, पाच गिअर, हाताने टाकायचे. २०१८ मध्ये पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदाराकडून पावणेतीन लाखांना घेतली. तेव्हा मीटर १ लाख ९० हजारांवर होतं, आज २ लाख ४१ हजारांवर आहे.

गाडी घरी आणली त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या साहेबांनी विचारलं, "काय हो, लॉटरी लागली का?" तेवढ्या पैशांत धड जुनी स्विफ्टसुद्धा आली नसती. पण बॉनेटवर ती तीन टोकांची चांदणी उभी दिसली की माणसाची नजरच बदलते. नाशिकच्या गंगापूर रोडला लग्नाला गेलो तर गेटवरचा पोरगा मला सॅल्यूट ठोकतो. मागून साठ लाखांची नवी गाडी येते, तिलाही तोच सॅल्यूट. एवढ्यासाठी कुणी जुनी मर्सिडीज घेणार असेल तर त्याने हे पुढचं वाचूच नये, त्याचे पैसे बुडणार आहेत.

मला ही चांदणी पहिल्यांदा दिसली ती ट्रकच्या नाकावर. आमचे अण्णा लासलगावचा कांदा मुंबईला पोचवायचे. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाले डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा. ट्रक जमशेदपूरला बनायचे आणि १९६९ साली करार संपेपर्यंत त्यांना सगळे टाटा-मर्सिडीजच म्हणायचे. मी आठ वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत केबिनमध्ये बसून एक खेप केली. परतीला कसाऱ्याचा घाट चढताना इंजिन कुंथत होतं, अण्णांचा एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्यात विडी, आणि मी क्लिनरच्या मांडीवर. "घाबरू नकोस," अण्णा म्हणाले, "जर्मन इंजिन आहे, रडतं पण थांबत नाही." त्यामुळे मर्सिडीज म्हटलं की माझ्या नाकात अजून कांद्याच्या गोण्यांचा वास येतो.

पुढे मी १९७८ ला मायकोत लागलो, म्हणजे डिझेल इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, सातपूरला. नोझलच्या खात्यात अडतीस वर्षं काढली. मधेच २००८ ला कंपनीचं नाव बॉश झालं, पण नाशिककरांसाठी ती मायकोच, चौकही मायको सर्कलच. ज्यांना नोझल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की तिच्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. तो फवारा मारणारं करंगळीएवढं टोक म्हणजे नोझल. आतली सुई आणि बाहेरची बॉडी यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते समजा. टेस्टरवर नोझल लावून हँडल दाबलं की चांगलं नोझल चिरकतं, अगदी रातकिड्यासारखं, आणि समोर धुकं उडतं. खराब नोझल मुकाट राहतं आणि टोकाला थेंब लोंबतो. अडतीस वर्षं तो आवाज ऐकला. निवृत्तीनंतर घरात चैन पडेना, तेव्हा ही गाडी आली.

आता कंपनीच्या इतिहासाबद्दल. तो सगळे कार्ल बेंझपासून सांगतात. २९ जानेवारी १८८६ चं पेटंट, तीन चाकांची मोटार, मॅनहाइम. ते बरोबरच आहे. पण माझ्या मते या घराण्यातला पहिला खरा मेकॅनिक म्हणजे त्याची बायको, बर्था. ऑगस्ट १८८८ मध्ये तिने नवऱ्याला न विचारता ती गाडी काढली, दोन पोरं बरोबर घेतली आणि मॅनहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभरेक किलोमीटर, म्हणजे इथून कल्याण-भिवंडीच्या थोडं अलीकडेपर्यंत. पेट्रोल पंप ही चीजच तेव्हा नव्हती, म्हणून वाटेत व्हीसलोखला औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचं डाग काढायचं द्रव्य घेऊन तेच इंजिनात ओतलं. ब्रेकचे ठोकळे झिजले तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन काढून ती साफ केली! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी टाळीच वाजवली. आमच्या खात्यात हेच काम करायला बारीक तारांचा आख्खा सेट असायचा, आणि तो हरवला तर फोरमन दिवसभर बोलायचा.

बाकीचं भराभर सांगतो. गॉटलीब डाइमलरचा कारखाना श्टुटगार्टजवळ, वेगळा. मर्सिडीज हे नाव एमिल येलिनेक या गाड्यांच्या धनाढ्य गिऱ्हाइकाच्या मुलीचं. त्याने मोठी ऑर्डर दिली आणि नव्या मॉडेलला लेकीचं नाव लावायला लावलं, ही १९०० च्या आसपासची गोष्ट. दोन्ही कंपन्या १९२६ ला एक झाल्या. चांदणीची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश.

माझ्या मनाला लागणारं साल मात्र १९३६. त्या वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात २६० डी आली, डिझेलवर चालणारी मोटार, पंप बॉशचा. बॉशही श्टुटगार्टचाच, त्याने डिझेलचे पंप १९२७ पासून बनवायला घेतले होते. तोवर डिझेल म्हणजे ट्रक, बोटी आणि कारखाने. ते मोटारीत बसवलं आणि टॅक्सीवाल्यांना देव भेटला. पुढे ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने १९७६ ची २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली, ती गाडी आज कंपनीच्या संग्रहालयात उभी आहे. या कंपनीची अब्रू मला विचाराल तर अशा टॅक्सीवाल्यांनी कमावलेली आहे. मंत्री आणि नट नंतर येऊन मागच्या सीटवर बसले.

याच कंपनीच्या इतिहासात एक काळं पानही आहे, ते मी गाळणार नाही. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीसाठी कारखाने चालले आणि १९४४ साली तिथे राबणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक सक्तीने आणलेले मजूर, युद्धकैदी किंवा छळछावणीतले कैदी होते. मी स्वतः कामगार म्हणून जन्म काढला. तिकडच्या जुन्या फॅक्टरीचे फोटो दिसले की माझी नजर आधी मशीनकडे जाते आणि मग मशीनवरच्या माणसाकडे, आणि तिथेच अडते.

आता गाडीकडे येऊ. हे मॉडेल जर्मनीत १९८४ च्या शेवटी आलं. भारतात कंपनी १९९४ ला आली आणि १९९५ पासून पुण्यात टेल्कोच्या आवारात हीच गाडी जोडायला सुरुवात झाली. चाकणचा कारखाना त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, २००९ चा. माझी गाडी त्या पहिल्या काळातली.

दार लावताना ढप्प असा आवाज येतो, गोदरेजच्या कपाटासारखा. सीट पहिल्या दिवशी कडक वाटली, पण नाशिक ते कोल्हापूर जाऊन उतरलो तर पाठ जागेवर. हँडब्रेकची जागा मात्र वेगळीच: डाव्या पायाने दाबायचा आणि हाताने दांडा ओढून सोडायचा. मघाच्या त्या लग्नात सॅल्यूटवाल्या पोराला चावी दिली, तर त्याला ब्रेक सुटेना. दोन सीटच्या मधे दांडा शोधत बसला बिचारा. शेवटी नवरदेवाची वरात थांबवून मला आत बोलवायला आले.

आणि वायपर! काचेला एकच हात आहे, दोन नाहीत. पण तो नुसता अर्धगोल फिरत नाही, फिरता फिरता लांब होतो, कोपऱ्यापर्यंत पोचतो आणि परत आखडतो. आत दांड्यांची आणि गिअरची अशी काही रचना आहे की एकाच पट्टीने काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. जुलैमध्ये इगतपुरीच्या पुढे, जिथे पावसाने समोरचा ट्रक दिसेनासा होतो, तिथे मी एकदा गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसता वायपर बघत बसलो होतो. बायको म्हणाली, "अहो, मुंबईला पोचायचंय ना?" पुसणीवर इतकी अक्कल खर्च करणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं होतं.

पळण्याबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. सिग्नलला रिक्षावाला पुढे जातो, जाऊ द्यावा. पण ऐंशीच्या पुढे गेली की गाडी रस्त्याला चिकटते आणि पाच सिलिंडरची ती लंगडी लय सुरू होते, चारचीही नाही आणि सहाचीही नाही. हायवेला १३-१४ ची सरासरी देते, गावात १० मिळाली तरी मी खूश. गाडी खाली बसकी आहे, त्यामुळे आपल्या महापालिकेचे स्पीडब्रेकर तिरके घ्यावे लागतात. त्यात सिंहस्थ जवळ आला की खोदाई ठरलेली, तेव्हा मी हिला बाहेर काढतच नाही, स्कूटर झिंदाबाद.

खर्चाचं विचाराल तर गाडी स्वस्त, पार्ट महाग. पहिल्या वर्षी ८५ हजार गेले: टायर, ब्रेक, रेडिएटर, सगळे रबरी होज. नंतर वर्षाला सरासरी २५ हजार. पार्ट मुंबईहून मागवतो. गाडीला पंधरा वर्षं कधीच उलटली, म्हणून आरटीओत दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायची आणि पर्यावरण कर भरायचा, तो वेगळा.

यात एक मूर्खपणा माझाही आहे. दुसऱ्या वर्षी माझा डावा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला होता, म्हणून नोझलचं काम शहरातल्या एका मोठ्या चकाचक गॅरेजला दिलं. नाव घेत नाही. एसी वेटिंग रूम, कॉफी, पोरांच्या अंगावर इस्त्रीचे शर्ट. पाच नोझल काढून साफ करून बसवली, १९ हजार घेतले. घरी येईतो इंजिन ठकठक करायला लागलं. नोझलखाली एक छोटी वॉशर असते, उष्णता अडवणारी. नोझल काढलं की ती दर वेळी नवी टाकायची, जुनी दबलेली परत चालत नाही. त्यांनी पाचही जुन्याच टाकल्या होत्या आणि बिलात मात्र नव्या लावल्या.

एवढ्यावर थांबलं नाही. पार्किंगमध्ये चावी फिरवून काढली, तर इंजिन चालूच! मी चावी हातात धरून बाहेर उभा, गाडी आपली डुगडुगतेय, बायको भाजीच्या पिशव्या घेऊन दारात. "आता हिला झोपवायचं कसं?" हे तिचं वाक्य आमच्या घरात अजून चालतं. यात भुताटकी काही नाही. हे डिझेल विजेने बंद होत नाही, व्हॅक्यूमने, म्हणजे नळीतल्या हवेच्या ओढीने बंद होतं. चावी फिरवली की हा व्हॅक्यूम डिझेलच्या पंपाजवळची कडी ओढतो आणि डिझेल तोडतो. त्या लोकांनी काम करताना ती बारीक नळी उपटली आणि तशीच लोंबती ठेवली. बॉनेट उघडून हाताने दांडा दाबला, इंजिन गप्प. डोळा बरा झाल्यावर वॉशरा मी स्वतः बदलल्या, पाच मिळून हजाराच्या आत. तेव्हापासून गाडी नाशिकमधल्याच द्वारका भागातल्या एका चाचांकडे जाते. त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पण काढलेला प्रत्येक बोल्ट ते पुठ्ठ्यावर इंजिनचं चित्र काढून जागच्या जागी खोचून ठेवतात. मी गेलो की म्हणतात, "आओ मायको साहब, आज क्या सुनाई दिया?"

नवी मर्सिडीज घ्यावी का, हे मला विचारू नका, माझी ऐपत नाही. एवढं मात्र खरं की चांदणीच्या नावावर सगळं खपतं असं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत कंपनीने वायरिंगला असं आवरण वापरलं की इंजिनच्या उष्णतेने त्याचा भुगा व्हायचा. १९९७ ला नवी ए-क्लास स्वीडनमधल्या पत्रकारांच्या चाचणीत वळण घेताना उलटली, मग सगळ्या गाड्या परत बोलावून सुधाराव्या लागल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या क्रायस्लर या मोटार कंपनीशी लग्न लावलं, ते २००७ ला मोडलं. आणि २०२० साली अमेरिकेत डिझेलच्या धुराच्या चाचणीत लबाडी केल्याच्या आरोपावरून दीड अब्ज डॉलरची तडजोड झाली. ही शेवटची बातमी मी सकाळच्या चहाबरोबर वाचली आणि चहा तसाच राहिला. डिझेल स्वच्छ जळावं म्हणून आम्ही मायक्रॉन-मायक्रॉन मोजत आयुष्य घालवलं. आणि तिकडे सॉफ्टवेअरने काम भागवल्याचा आरोप.

तरी कुणाला ही जुनी डिझेल घ्यायचीच असेल, तर डिसेंबर-जानेवारीत बघायला जा, तेही पहाटे. नाशिकची थंडी फुकटचा मेकॅनिक आहे. मालकाने आधीच इंजिन चालू करून ठेवलं असेल तर समजून जा. चहा घ्या, द्राक्षाच्या भावाच्या गप्पा मारा, दोन तास बसा, बॉनेटवर हात ठेवून गार झालंय याची खात्री करा. मग चावी अर्धी फिरवा, इंजिन तापवणाऱ्या हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा आणि सेल्फ मारा. पाचही सिलिंडर एकदम धरले तर किमतीचं बोला. चारच धरले आणि पाचवं मागाहून खोकत आलं, तर तीस हजार कमी करायला सांगा, आणि वॉशर नव्याच टाका.