प्रॉप पुढे की मागे? काळ्या वावरातलं पहिलं आरसी विमान

पहिलं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, विमान फोमचं आणि बॅटरीवरचं घ्यायचं, इथपर्यंत तुमचं ठरलंच असेल. बाल्साचं लाकूड आणि मिथेनॉलवरचं ग्लो इंजिन हा नाद पुढचा. त्याचं इंधन तालुक्याच्या गावी मिळवता मिळवताच निम्मी हौस फिटते. घोळ होतो तो त्यानंतर. नाकावर प्रॉप (फिरणारा पंखा) आणि खाली तीन चाकं असलेला, अप्रेंटिस या मॉडेलच्या धाटणीचा ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, घ्यावा, की पंखांच्या मागे उंचावर मोटार बसवलेलं, बिनचाकाचं, बिक्सलर या मॉडेलच्या धाटणीचं ग्लायडर? मी दोन्ही उडवली, तीही इथल्याच वावरांत. त्यामुळे माझं मत काळ्या मातीपुरतं धरा.

हवेत असेपर्यंत पुढच्या प्रॉपचा ट्रेनर जास्त शहाणा वाटतो, हे आधी मान्य करतो. प्रॉपचा वारा थेट शेपटीवर येतो, म्हणून वेग कमी असतानाही रडर आणि एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरची विमान वळवायची आणि नाक वर-खाली करायची पाती, ऐकतात. मागच्या प्रॉपवाल्यात मोटार उंच असल्यामुळे थ्रॉटल एकदम दिला, म्हणजे मोटारीचा जोर एकदम वाढवला, की नाक खाली जातं. नवख्याला हे उलटं वाटतं. विमान चढावं म्हणून थ्रॉटल द्यावा तर ते आधी वाकून बघतं. शिवाय त्याचा आवाजही कर्कश.

पण उतरायचं कुठे? हरभरा निघाला की वावर लांबून सपाट दिसतं. जवळ जाऊन बघा. भेगांत पुढचं चाक सहज अडकतं आणि विमान नाकावर उभं राहतं. उन्हाळवाही झाली असेल तर ढेकळांत चाकांचा प्रश्नच मिटला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरात तर उतरूच नका, खुंट फोममध्ये आरपार घुसतात. मला तरी ट्रेनर उतरवला आणि प्रॉप शाबूत राहिला असं क्वचितच झालं. डांबरी रस्त्यावर तो उत्तम उतरतो, पण रस्त्यावर दुचाक्या असतात, कडेला तारा असतात. तो विचार सोडून द्या. बिनचाकाचं ग्लायडर पोटावर घसरत येतं, प्रॉप वर सुखरूप असतो. पोटाला रुंद पारदर्शक टेप लावली की झालं.

तुटलेल्या प्रॉपचं मला एवढं वाटलं नसतं. नवा बसवता येतो. माझा निर्णय झाला तो पोट्ट्यांमुळे.

गावात विमान उडतंय म्हटल्यावर धुऱ्यावर पोट्टे जमणारच. ते जमावेत म्हणून तर निम्मी मजा. पण विमान उतरतं आपल्यापासून लांब, आणि आपण ढेकळं तुडवत निम्म्या वाटेवर पोचेस्तोवर एकजण तिथे हजर असतो. "काका, आनलं ना इमान!" म्हणत तो ते उचलून पळत येतो. उचलताना हात कुठे जातो ते मी नीट पाहिलंय: ट्रेनर नाकाजवळ धरतात, कारण जड बाजू तीच, आणि तिथेच १० ते ११ इंचांचा प्रॉप. बॅटरी अजून लागलेली असते. आपण ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, गळ्यात लटकवून धुरा ओलांडत असतो. थ्रॉटलच्या काडीला शर्टाचा धक्का लागायला वेळ लागत नाही. मोटार बंद ठेवणारं थ्रॉटल कटचं बटण असतं, मी ते न चुकता दाबतो. तरी दरवेळी "नाक सोड, नाक सोड" असं ओरडत धावायचं, हे मला काही केल्या सोसेना.

ग्लायडर मात्र नाकाला धरा नाहीतर पोटाला, ६ इंचांचा प्रॉप दूर, पंखाच्या मागे आणि वर असतो. बोट तिथे जाणारच नाही असं म्हणत नाही, पण आपसूक जात नाही.

ग्लायडरचा धोका फेकताना असतो आणि तो लहान नाही. हात पोटाखाली, प्रॉप हाताच्या मागे; विमान सुटलं की तो हातावरूनच पुढे जातो. फेकल्यावर हात वर नेलात तर बोटांशी गाठ आहे. ट्रान्समीटरच्या मोड २ या मांडणीत थ्रॉटल डाव्या अंगठ्याखाली असतो, म्हणून मी उजव्या हाताने वाऱ्याच्या तोंडावर सरळ, आडवं फेकतो आणि ते हातातून सुटल्यावरच थ्रॉटल देतो, तोही पाऊणच. तेवढा क्षण ते अलगद तरंगतं. जड ट्रेनरला हे जमत नाही. खरं तर हाताने फेकायचा धोका माझ्या एकट्याचा आहे, पोट्ट्यांचा नाही. कदाचित म्हणूनच मला तो परवडतो.

बाकी काळजी दोघांनाही सारखीच. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटार आपोआप थांबायची सोय, घरीच तपासा: प्रॉप काढून मोटार फिरवायची आणि ट्रान्समीटर बंद करायचा, मोटार थांबलीच पाहिजे. तारेत अडकलेलं विमान काठीने काढायचं नाही, लाइनमनला फोन करायचा. संक्रांतीच्या आगेमागे मांजा असतो, तेव्हा गावापासून लांबच बरं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना लिपो बॅटरी दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. दिवस उगवताना उडवा, वाराही कमी असतो. ड्रोन नियम २०२१ मध्ये हौशी मॉडेल विमानाला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलची सरकारी मान्यता, लागत नाही, पण ते नजरेच्या टप्प्यातच हवं. ग्रीन झोनमध्येही, म्हणजे उडवायला मोकळ्या ठेवलेल्या भागातही, वर ४०० फुटांची मर्यादा आहे. अमरावतीकडच्यांनी तर या झोनचा नकाशा आधी बघावाच, बेलोऱ्याच्या विमानतळावर आता प्रवासी विमानं उतरतात.

गवताचं मोठं, मोकळं मैदान हाताशी असेल आणि टेकऑफ शिकायचीच असेल तर ट्रेनर वाईट नाही. घेतलात तर दोन-चार प्रॉप जास्तीचे मागवा, आणि विमान उतरून बॅटरी निघेपर्यंत पोट्ट्यांना धुऱ्यावर थोपवून धरेल असं एखादं मोठं माणूस सोबत न्या. मला असं माणूस रोज मिळत नाही, म्हणून मी मागच्या प्रॉपचंच उडवतो.