थोरल्याचं दुखणं : ‘डेमन स्लेअर’चा विसावा खंड

कोयोहारु गोतोगे यांची ‘किमेत्सु नो यायबा’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि २०२० च्या मे महिन्यात संपली. प्रकरणं २०५, खंड २३. आपल्याकडं सगळे तिला ‘डेमन स्लेअर’च म्हणतात. २०२५ च्या सप्टेंबरात तिच्यावरचा ‘इन्फिनिटी कॅसल’ सिनेमा भारतात लागला आणि आमच्या तालमीतली पोरं बैठका मारता मारता त्यातला राक्षस अकाझा आणि राक्षस मारणारा गियू यांच्यावर बोलायला लागली. मी संध्याकाळी तिथं लहान गट घेतो. भाच्यानं एकोणिसावा-विसावा खंड घरात आणला तेव्हा पोरं काय बोलतात ते तरी कळावं म्हणून उघडला. विसावा खंड मीच ठेवून घेतला. भाच्याला मी कोल्हापुरात राजारामपुरीतून दुसरी प्रत आणून दिली.

हे सगळं लिहितोय ते एका खलनायकासाठी. कोकुशिबो. राक्षसांचा राजा मुझान, त्याच्या हाताखालच्या ‘बारा चंद्र’ म्हणवणाऱ्या बलाढ्य राक्षसांतला पहिला. तोंडावर सहा डोळे, हातातली तलवार त्याच्याच मांसाची आणि तिच्या पात्यावरही डोळे. चारशेहून अधिक वर्षं जगलेला, आणि समोर येईल त्याला गवतासारखा कापणारा. अशा माणसात न्यूनगंड असेल असं पहिल्या पानांवर कुणालाच वाटणार नाही. तो विसाव्या खंडात उघडा पडतो, आणि ज्या बारकाईनं पडतो तसं मी मराठी-हिंदीतल्या कुठल्याही खलनायकाचं पाहिलेलं नाही. पुढं शेवट सांगणार आहे. ज्यांना आधी वाचायचंय त्यांनी इथंच थांबावं.

माणूस असताना त्याचं नाव मिचिकात्सु त्सुगिकुनी. सामुराई घराण्यातला, जुळ्यांतला थोरला. धाकटा योरिइची, कपाळावर जन्मखूण घेऊन आलेला. जुळं अशुभ मानायचा तो काळ. बापाला धाकटा नकोच होता. आईनं आकांत केला म्हणून तो वाचला, पण एका चिमुकल्या खोलीत वेगळा वाढला. दहा वर्षांचा झाला की त्याला देवळात धाडायचं ठरलेलं. सात वर्षांचा होईस्तोवर तो बोलला नाही. आईला सतत डावीकडून बिलगून असायचा. मिचिकात्सुला त्याची कीव यायची. चोरून भेटायला जायचा, त्यावरून बापाचा मार खायचा. मार खाऊन तोंड सुजलेलं असताना दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला आणि स्वतःच्या हातानं केलेली बासरी त्याला देऊन आला. मदत लागली की वाजव, मी धावत येतो, म्हणाला.

माझ्या मते सगळ्या गोष्टीची गोम इथं आहे. मिचिकात्सु वाईट भाऊ नव्हता, चांगला थोरला होता. फक्त त्याचं चांगुलपण उभं होतं ते ‘मी वर, हा खाली’ या जागेवर. तो देणारा, धाकटा घेणारा. मग एक दिवस धाकटा अचानक बोलायला लागतो. देशातला पहिला सामुराई दादा होणार असेल तर मी दुसरा होईन, म्हणतो. गंमत म्हणून त्याच्या हातात लाकडी तलवार देतात आणि ज्या शिक्षकाला मिचिकात्सुचा एकही फटका कधी लागला नव्हता त्याला हे सात वर्षांचं पोर डोळ्याचं पातं लवायच्या आत चार फटक्यांत आडवं करतं. वर त्याला त्याचा आनंदही नाही! माणसाला मारताना हाताला जे जाणवतं ते त्याला आवडत नाही. त्याला दादाबरोबर पतंग उडवायचा असतो.

हरवणारा छाती काढून फिरला असता तर मिचिकात्सु सावरला असता असं मला वाटतं. शत्रूचा राग करता येतो. ज्या गोष्टीसाठी आपण जीव टाकतो ती दुसऱ्याला फुकट मिळते आणि त्याला ती नकोच असते, तिथं राग धरायलाही जागा सापडत नाही. पुढं आई गेल्यावर तिच्या रोजनिशीतून कळतं की तिची डावी बाजू आजारानं लुळी पडत चालली होती आणि धाकटा तिला बिलगत नव्हता, आधार देत होता. म्हणजे कीव करायचा जो एकच हक्क थोरल्याकडं उरला होता तोही गेला. द्वेष तिथं पक्का होतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम टेसर यांनी १९८० च्या दशकात एक मांडणी केली होती. शिकवण्याच्या अभ्यासक्रमात ती वाचली होती आणि या खंडानं ती मला पहिल्यांदा हाडामांसाची दाखवली. दुसऱ्याचं यश आपल्याला कधी टोचतं? तो आपल्या जवळचा असला, ज्यात तो पुढं गेला ती गोष्ट आपल्या जिवाची असली, आणि अंतर मोठं असलं की. सुटायच्या वाटाही मग तेवढ्याच. माणसापासून लांब जावं, त्या गोष्टीतून मन काढावं, नाहीतर अंतर कमी करावं, मग ते स्वतः वर चढून करा किंवा त्याला खाली ओढून. आता मिचिकात्सुचं आयुष्य बघा. धाकटा घर सोडून जातो आणि पुढची दहाएक वर्षं शांत जातात. लग्न होतं, मुलं होतात. ना स्वभाव बदलला, ना तलवार सुटली, फक्त तो माणूस नजरेआड गेला. मग एका रात्री राक्षस चालून येतो आणि वाचवायला नेमका योरिइची येतो, आता आणखी पुढं गेलेला. मिचिकात्सु बायकापोरं सोडून त्याच्या मागं जातो. मनातून तलवार काढणं त्याला जमत नाही. अंतर काही केल्या मिटत नाही. या गोष्टीत राक्षसांशी लढायला श्वासाची तंत्रं असतात; भाऊ सूर्याच्या श्वासाचा आणि हा चंद्राच्या, म्हणजे नावातसुद्धा उसना उजेड. त्यातच कळतं की अंगावर योरिइचीसारखी खूण उमटलेले लढवय्ये पंचविशीपलीकडं जगत नाहीत, आणि मुझान समोर येऊन म्हणतो, राक्षस हो, वेळच वेळ मिळेल.

आमच्याकडं तालमीत दोन भाऊ होते. गाव आणि वर्षं सांगत नाही. थोरला दोन वर्षांनी मोठा, मेहनती, पहाटे चारला लंगोट लावून तयार. धाकट्याच्या अंगात डाव जन्मजात. ढाक एकदा दाखवली की दुसऱ्या दिवशी लावायचा. दोघांची जोड लावलेली, कारण वजन जवळपास सारखं. बाप रोज हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, काठावर उभा राहून थोरल्याला म्हणायचा, “लहान हाय न्हवं तुझ्यापेक्षा? बघ की जरा त्याच्याकडं!” थोरल्यानं आधी खुराक कमी केला. मग धाकट्याला डाव मारताना हात जास्तच पिळायला लागला. एकदा कुस्ती सुटल्यावरही त्याचा गुडघा धाकट्याच्या बरगडीवरून उठेना. वस्तादांनी आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवसापासून थोरला सकाळच्या गटात, धाकटा संध्याकाळच्या. बापाला सांगितलं, महिनाभर तालमीकडं फिरकू नका. थोरल्याला नवी जोड दिली आणि पोरांना मातीत तेल-ताक घालून हौदा तयार करायला शिकवायचं काम त्याच्याकडं सोपवलं. पोरगं माणसात आलं. वस्तादांनी टेसर वाचलेला नव्हता.

मिचिकात्सुच्या वाटणीला असा वस्ताद आला नाही. त्याचा बाप एका दुपारच्या चार फटक्यांवरून वारस बदलायला निघाला होता. कोवळ्या पोराला घरात जागा मिळते ती कर्तबगारीवर, आणि ती कुठल्याही दिवशी जाऊ शकते, हे त्याला कळून चुकलं.

व्हिएन्नाचे आल्फ्रेड अ‍ॅडलर (१८७० ते १९३७) यांचं नाव या विषयात टाळता येत नाही. लहानपणी त्यांना मुडदूस झाला होता, आणि त्यांच्याही घरात पुढं पुढं धावणारा थोरला भाऊ होता. कमीपणाची भावना प्रत्येक मुलात असते आणि तीच त्याला वर ढकलते, असं ते म्हणत. दुसरं मूल आलं की पहिल्याला गादीवरून उतरवल्यासारखं होतं, हेही त्यांनीच मांडलं. ढकलणारी भावना गंड होते तेव्हा माणूस काम सोडून नुसतं मोठेपण धरतो. कोकुशिबोचे सहा डोळे, रुबाब, दरबारी बोलणं, राक्षसांतसुद्धा क्रम पाळा म्हणून धाकट्यांना दटावणं, हे सगळं त्या मोठेपणाचं चिलखत. योरिइची एकदा सहज म्हणतो की आपण काही फार थोर नाही, आपल्याला मागं टाकणारी मुलं आत्ता कुठंतरी जन्म घेत असतील. हे तो आनंदानं म्हणतो. मिचिकात्सुच्या अंगावर त्यानं काटा येतो. ज्याच्या हातात बक्षीस आहे त्याला त्याची किंमत नाही, हे त्याला सहन होत नाही.

लेखिका म्हणा, लेखक म्हणा (गोतोगे स्वतःबद्दल फार उघड करत नाहीत), त्यांची खरी ताकद मला लढाईच्या जुळणीत दिसली. कोकुशिबोसमोर राक्षस मारणारे चौघं उभे आहेत. मुइचिरो, चौदा वर्षांचा, कोकुशिबोचाच वंशज, आणि तोही जुळ्यांतला, थोरला भाऊ गमावलेला. सानेमी आणि गेन्या, सख्खे भाऊ. आणि हिमेजिमा. यांतला गेन्या बघा. त्याला श्वासाचं तंत्र येतच नाही. भावाच्या पासंगालाही पुरत नाही. मग तो काय करतो? राक्षसाचं मांस खाऊन त्यांची ताकद उसनी घेतो, बंदूक हातात घेतो, जे जमेल ते. त्याचं कमीपण मिचिकात्सुपेक्षा कितीतरी जास्त, पण त्याला भाऊ व्हायचं नाही. भावाच्या शेजारी उभं राहायचंय. मिचिकात्सुला मात्र योरिइचीच व्हायचं होतं. दुसरा माणूस होण्याच्या नादात त्यानं स्वतःचं जे जे होतं ते टाकलं. नाव, बायको, मुलं, तोंडावळा, सगळं. गेन्या मरतो, मुइचिरो मरतो, आणि तरी वाचताना रिकामा वाटतो तो चारशे वर्षं जगलेला कोकुशिबोच.

मिचिकात्सु राक्षस झाल्यावर साठ वर्षांनी भावाशी झालेल्या भेटीची पानं या खंडातली सर्वांत जड आहेत. योरिइची पंचविशीत मेलाच नाही. ऐंशी ओलांडलेला म्हातारा समोर उभा राहतो आणि राक्षस झालेल्या दादाकडं बघून रडतो. एकाच वारात मान जवळजवळ तुटते. दुसरा वार येत नाही, कारण म्हातारा उभ्या उभ्या वयानं मेलेला असतो. हरवायचा माणूस न हरता गेला. आता अंतर कधीच मिटणार नाही, कारण मेलेला माणूस पुन्हा आखाड्यात उतरत नाही. संतापून कोकुशिबो ते प्रेत कापतो, आणि कपड्यांतून बासरी पडते. इतकी वर्षं जपलेली. ज्यानं आपल्याला कमीपण दिलं असं वाटत होतं त्यानं आपली सगळ्यात चांगली आठवण उराशी धरली होती.

पुढं लढाईत मान तुटल्यावरही तो मरायला नकार देतो, डोकं पुन्हा उगवतं, अंगातून काटे आणि पाती फुटतात. आणि तलवारीच्या पात्यात त्याला स्वतःचं तोंड दिसतं. सहा डोळे असून चारशे वर्षांत जे दिसलं नाही ते. त्यानंतर त्याला कुणी मारावं लागत नाही. न्यूनगंडाचा शेवट मारामारीत न दाखवता ओळखीत दाखवलाय, याला माझा सलाम.

आता तक्रारी. हा सगळा इतिहास लढाई संपत आल्यावर एकदम ओतलाय. मिचिकात्सुच्या बायकोला नाव नाही, मुलांना तोंड नाही. ज्यांना त्यानं टाकलं त्यांची दोन पानं असती तर त्याच्या निवडीची किंमत अंगावर आली असती. पंचविशीतल्या मरणाची अटही मला थोडी खटकली. ती नसती तरी तो मुझानकडं गेलाच असता असं मला वाटतं, आणि ती घातल्यामुळं त्याला एक बाहेरची सबब मिळते. मारामारीची काही पानं इतकी गच्च काढलीत की कुणाचा हात कुठं तुटला ते दोनदा बघावं लागतं. शांत पानांवर हीच रेघ फार बोलकी आहे. मोकळ्या आकाशाखाली उभा वृद्ध योरिइची नुसता बघत बसावा.

विकत घेणाऱ्यांसाठी: व्हिज मीडियाची इंग्रजी आवृत्ती मिळते, आतली पानं काळी-पांढरी, पुस्तक उजवीकडून डावीकडं वाचायचं. इंग्रजी सोपं आहे, आठवी-नववीच्या पोराला जमतं. रक्त आणि तुटलेली अंगं भरपूर आहेत, त्यामुळं त्याहून लहान मुलांच्या हातात देऊ नका. एकटा विसावा घेऊ नका. लढाई एकोणिसाव्यात सुरू होते, त्याशिवाय गेन्या आणि मुइचिरो कळणार नाहीत. मुइचिरोच्या जुळ्या भावाची गोष्ट मात्र त्याच्याही आधी, तलवारी घडवणाऱ्या गावाच्या भागात येते. ती वाचून आलात तर कोकुशिबो त्या पोराला पहिल्यांदा ‘माझा वंशज’ म्हणून न्याहाळतो ते पान दुप्पट लागेल. आणि घरात दोन मुलं असतील, पैकी एक अभ्यासात किंवा खेळात पुढं असेल, तर आधी आईबापांनी वाचावा. आमच्या तालमीतल्या एका बापाला मी माझी प्रत दिली आहे. अजून परत आलेली नाही, आणि मी मागणारही नाही.