मैसूर सँडल साबण एकदा वापरून बघाच
दिवाळीत मोती साबण सगळेच आणतात, पण एरवीसाठी मला विचाराल तर मैसूर सँडल आणा. 1916 मध्ये म्हैसूरच्या महाराजांच्या काळात बंगळुरूत सुरू झालेला सरकारी कारखाना, आणि अजूनही त्यात खरं चंदनाचं तेल घालतात, त्यामुळे वास परफ्युमसारखा नाकात घुसत नाही, हलका असतो पण आपल्यामागून बाथरूममध्ये जाणाऱ्यालाही येतो, काय प्रसन्न वाटतं सांगू! साध्या साबणापेक्षा महाग आहे, आणि साबणदाणीत पाणी साचलं की मऊ पडतो, म्हणून जाळीचीच घ्या. रिकामा खोका मात्र फेकू नका हां, कपाटात साड्यांमध्ये ठेवा, बरेच दिवस मंद वास येत राहतो. आईला, सासूबाईंना द्यायला तर एकदम मस्त.