द्राक्षबियांचं तेल: एक्स्पेलर घ्यावा की सीओटू प्लांट?

नाशिकची द्राक्षं म्हटली की थॉमसन आठवते, पण ती बिनबियांची. तेलाच्या दृष्टीने शून्य. बी मिळतं ते वाइनरीच्या चोथ्यातून: शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लांक या वाइनच्या जातींच्या. एक टन द्राक्षांमागे वाळलेलं बी साधारण २० ते ३० किलो आणि त्यात तेल १० ते १६ टक्के. एक्स्पेलर (स्क्रूने बी दाबून तेल काढणारं यंत्र) असो की सीओटू प्लांट (प्रचंड दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये तेल विरघळवून काढणारा), यंत्राचा भाव विचारण्याआधी हा हिशेब मांडावा.

हेक्झेन (तेल विरघळवून काढायचं पेट्रोलियम द्रावक) टाळायचं हे ठरलं असेल, तरी पद्धत कोणतीही असो, तेल बिघडतं ते वाळवणीत. ओला चोथा ढिगात रात्रभर राहिला की तापतो, बुरशी धरतो आणि तेलाची आम्लता वाढते. त्याच दिवशी ताडपत्रीवर पातळ पसरावा, वाळल्यावर चाळून बी वेगळं करावं. पांढऱ्या वाइनचा चोथा आंबण्याआधीच निघतो, त्यात साखर असते. तो चिकटतो, म्हणून आधी धुवावा लागतो.

एक्स्पेलरला बियांत ६ ते ८ टक्के ओलावा हवा. त्याहून जास्त असला तर पेंड लगद्यासारखी घसरते, दाब बसत नाही. फार कमी असला तर पेंड करपते, तोंड चोंदतं. १४ टक्के तेलाचं १०० किलो बी घातलं आणि पेंडीत ६ टक्के उरलं, तर हाती साडेआठ किलो. तेल दोन दिवस निवळू द्यावं, मगच गाळावं. लाकडी घाणा शेंगदाण्याला छान, या टणक, कमी तेलाच्या बीला नाही.

त्याच १०० किलोतून सीओटूने १२ ते १३ किलो निघतं, गाळ जवळपास नसतो, आणि पेंडीत द्रावक उरत नाही. दाब ३०० ते ३५० बार, तापमान ४० ते ५० अंश. पण भुकटी अर्धा मिलिमीटरच्या आत हवी: जाड राहिली तर तेल आतच राहतं, पिठासारखी झाली तर वायू वाट काढून निसटतो. दाब उतरतो तिथे व्हॉल्व्ह गारठून गोठतो. तिथला हीटर वाचवायला जाऊ नये.

एन्झाइम आणि पाण्याची पद्धत कागदावर सर्वांत हिरवी. प्रत्यक्षात तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण फुटता फुटत नाही, शिवाय सांडपाणी. द्रावक म्हणून इथेनॉल वापरायचं तर उत्पादन शुल्काचा परवाना लागतो.

आता आकार बघा. ५० लिटरच्या सीओटू भांड्यात सुमारे २५ किलो भुकटी मावते. दिवसाला सहा फेऱ्या धरल्या तर १५० किलो. १०० टन द्राक्षांचं अडीच टन बी १७ दिवसांत संपतं. उरलेल्या वर्षभरासाठी हळद, मिरी, आलं यांचा अर्क काढायचं काम हाताशी असेल आणि सौंदर्यप्रसाधनांचा गिऱ्हाईक ठरलेला असेल, तरच तो प्लांट. नाहीतर एक्स्पेलर, आणि वाचलेल्या पैशातून वाळवणीसाठी चांगला ड्रायर.